सोरोरिटी: मैत्रिणींचे घर की बंद दार?

अमेरिकेतील सोरोरिटी म्हणजे कॉलेजमधील मुलींचा संघ. सभासदत्व जन्मभराचे, पण आत कोणाला घ्यायचे हे जुन्या सभासद ठरवतात. २०१३ साली अलाबामा विद्यापीठातील विद्यार्थी-वृत्तपत्राने उघड केले, की उत्तम गुण असलेल्या कृष्णवर्णीय मुलीला नकार मिळाला आणि त्यामागे माजी सभासदांचा दबाव होता. म्हणजे टिकलेली मैत्रीच आड आली! उलट ‘अल्फा कप्पा अल्फा’ ही संस्था कृष्णवर्णीय मुलींनीच १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात स्थापन केली. कमला हॅरिस तिच्याच सभासद. तिथला जिव्हाळा आम्हाला खरा वाटतो. खटकते ती नकाराचे कारण न सांगण्याची रीत. आपल्या मंडळातही नव्या अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. गावात नवख्या माणसाने त्या कुठून आणायच्या? येत्या वार्षिक सभेत हा नियम चर्चेला घ्यावा.