आजारी माणसाची सही घेण्याआधी



हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या कर्मचाऱ्याकडून पहिल्या महिन्या-दीड महिन्यात राजीनामा किंवा निवृत्तीचा अर्ज घेणे बंद झाले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत माझी बहुतेक नोकरी गेली. सेवापुस्तके, रजेचे हिशेब, पेन्शनची प्रकरणे हेच रोजचे काम. आजाराने केले नसेल एवढे नुकसान घाईने दिलेल्या अर्जाने केले, अशी घरे मी पाहिली आहेत.

एक अर्ज अजून डोळ्यांसमोर आहे. ग्रामसेवक, पंचेचाळिशीच्या आतला, नोकरी 17 वर्षांची. अँजिओप्लास्टी होऊन नुकताच घरी आलेला. अर्ज घेऊन त्याची पत्नी आली होती. रेघी कागद, त्याला टाचलेले डिस्चार्ज कार्ड आणि अक्षर कार्यालयातल्याच कुणाचे तरी: 'प्रकृतीच्या कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तरी मंजूर व्हावा.' खाली त्याची वेडीवाकडी सही. हा अर्ज दिला की पेन्शन सुरू होईल, असे त्या ताईंना कुणीतरी सांगितले होते आणि त्या तेवढ्याच भरवशावर आल्या होत्या.

राजीनामा मंजूर झाला असता तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 नुसार त्याची मागची सगळी सेवा जप्त झाली असती. स्वेच्छानिवृत्तीसाठी 20 वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा लागते, तीही त्याची भरत नव्हती. पण याच नियमांत रुग्णता निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. पुढील सेवेस कायमचा असमर्थ, असा दाखला सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा मंडळाने दिला, तर 10 वर्षांच्या अर्हताकारी सेवेवरही दरमहा पेन्शन बसते. त्याच आजारासाठी, त्याच माणसाला, एका वाटेने काहीच नाही आणि दुसऱ्या वाटेने जन्मभराचे निवृत्तिवेतन! आणि ही दुसरी वाट आहे, हे त्याला सांगण्याची सक्ती कुणावरच नाही.

त्याचा अर्ज पुढे गेलेला नव्हता, म्हणून परत घेता आला. त्याऐवजी त्याने परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजा मोडून घेतलेली पूर्ण पगारी रजा) मागितली. सेवापुस्तक काढून पाहिले तेव्हा त्याच्या खात्यावर अर्धवेतनी रजा भरपूर शिल्लक होती. वर्षाला 20 दिवस ती जमा होत असते आणि धडधाकट माणसाला तिची आठवणही नसते. काही महिन्यांनी तो पंचायत समितीत टेबलाच्या कामावर रुजू झाला. गावोगाव मोटारसायकलवरची फिरती बंद झाली, नोकरी राहिली.

थांबा म्हणण्यामागे वैद्यकीय कारणही आहे. झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूचा काही भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत तो पुन्हा काम करू लागू शकतो. म्हणूनच पंपिंग कमी झालेल्या रुग्णाला शॉक देणारे यंत्र बसवायचे की नाही, हे ठरवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञ साधारणपणे झटक्यानंतर किमान 40 दिवस आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर 3 महिने थांबतात, मग पुन्हा टू-डी इको करून इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे पंपिंग किती टक्के आहे ते, पाहतात. तज्ज्ञ डॉक्टर ज्याच्या हृदयाबद्दल तीन महिने निकाल देत नाहीत, त्याच्या नोकरीचा निकाल कार्यालयाने तीन आठवड्यांत का लावावा? शिवाय या काळात मन खचलेले असते. झटक्यानंतर नैराश्य येणे नेहमीचे आहे. 'आता माझ्याच्याने काही होणार नाही' हे वाक्य तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. त्या वाक्याखाली सही घेऊ नये.

कायदा इथे अपुरा पडतो. सेवेत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, असे 1995 च्या कायद्यात होते आणि आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. पण 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत हृदयविकार नाही. तरीही नरेंद्रकुमार चांडला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच सांगितले आहे की, आजारामुळे कर्मचाऱ्याला मूळ पदाचे काम करता येत नसेल तर त्याला झेपेल अशा पदावर सामावून घेण्याचा सर्व प्रयत्न नियोक्त्याने केला पाहिजे. भगवान दास प्रकरण तर प्रत्येक आस्थापना लिपिकाने वाचावे. पंजाब वीज मंडळातल्या या लाइनमनची दृष्टी गेली आणि त्याने स्वतःच मला निवृत्त करा, असे लिहून दिले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र त्याच्याविरुद्ध धरले नाही. कायद्याने त्याला काय संरक्षण आहे हे अधिकाऱ्यांनी सांगायला हवे होते, असे म्हणून त्याला सेवेत परत घ्यायला लावले.

यावर कार्यालयांतून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. आधीच पदे रिक्त, त्यात आजारी माणूस धरून ठेवला तर त्याचे काम बाकीच्यांच्या अंगावर पडते. ही अडचण खरी आहे, मी स्वतः दोन-दोन टेबले सांभाळली आहेत. पण तिचे उत्तर भरती हे आहे. सहकाऱ्याला अंधारात ठेवून घरी पाठवणे हे उत्तर होऊ शकत नाही.

निवृत्तीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. पंपिंग 25 टक्क्यांवर अडकलेले, जिना चढताना दम लागणारे, असे लोक असतात. त्यांनी घरी बसणेच योग्य. पण तेव्हाही हिशेब समोर हवा. सेवेत असताना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती निवृत्तीनंतर तशीच राहत नाही, आणि हृदयरुग्णाचा औषधांचा खर्च तर संपत नाही. रुग्णता निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करायचे, म्हणजे त्याचा काही भाग एकरकमी घ्यायचा, तर वैद्यकीय तपासणी लागते. 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्या पेन्शन योजनेत लागलेल्यांना आपल्याला असले काही नाहीच असे वाटते, पण राज्य सरकारने 2023 मध्ये त्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतनाचा पर्याय दिला आहे. कारखान्यातल्या कामगाराची स्थिती याहून बिकट. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 मध्ये, करत असलेल्या कामासाठी कायमचा आणि पूर्णपणे असमर्थ ठरलेल्याला 10 वर्षांची अट न लावता पेन्शन मिळू शकते. हे माहीत नसल्याने पन्नाशी ओलांडलेला माणूस राजीनामा देतो आणि मुदतपूर्व पेन्शन घेतो. 58 ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरसाल 4 टक्के कपात, तीही कायमची.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. प्रकृतीचे कारण दिलेला कोणताही राजीनामा किंवा निवृत्तीचा अर्ज आला, की शिल्लक रजा, हलके काम, रुग्णता निवृत्तिवेतन आणि स्वेच्छानिवृत्ती यांत त्या माणसाला नेमके किती रुपये मिळतील, हे कार्यालयाने एका कागदावर मराठीत लिहून द्यावे. तो कागद घरच्यांसमोर वाचून दाखवावा आणि झटक्याला तीन महिने होईपर्यंत अर्ज मंजूर करू नये. वैद्यकीय मंडळाला पत्र पाठवताना नुसते पदनाम न लिहिता प्रत्यक्ष काम लिहावे: रोज किती किलोमीटर फिरती, रात्रपाळी आहे का, ओझे उचलावे लागते का. यासाठी विधिमंडळात जावे लागत नाही. वित्त विभागाने परिपत्रक काढले तर येत्या महिन्यापासून सुरू होईल.

— एक निवृत्त वरिष्ठ सहाय्यक, सातारा