वडिलोपार्जित चाकूची डागडुजी

जमीन, विहिरीचा हिस्सा आणि आंब्याचीं झाडें यांची वांटणी करतांना भाऊबंद ज्या वस्तूकडे ढुंकूनही पाहात नाहींत, ती वस्तु म्हणजे वडिलांच्या खिशांतील मिटता चाकू. पातें गंजलेलें, सांधा अडकलेला, मूठ तडकलेली. म्हणून तो पेटीच्या तळाशीं पडतो, नाहीं तर भंगारांत जातो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरीं कलमें बांधण्याचें काम चालतें त्या बागाइतदारांनीं तरी त्याचा अवश्य विचार करावा, म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

आरंभींच आमची एक चूक कबूल करणें योग्य होईल. आमच्या घरीं असे दोन चाकू होते. एक आजोबांचा व दुसरा चुलत्यांचा. चुलत्यांचा चाकू आम्हीं बाजाराच्या दिवशीं विजेच्या चाकावर धार लावणाऱ्याच्या हातीं दिला. दोन मिनिटांत पातें लखलखीत होऊन परत आलें आणि आम्हांस मोठें समाधान वाटलें. धारेजवळ निळसर झांक दिसत होती, तिचा अर्थ मात्र त्या वेळीं कळला नाहीं. दहा-बारा काड्या तासल्या न तासल्या तोंच धार वळली. पुन्हां लावली, पुन्हां वळली. पात्याचें पाणी उतरलें होतें.

लोहार पातें लालबुंद तापवून एकदम थंड करतो, तेव्हां तें कठीण पण ठिसूळ होतें. मग त्यास सुमारें २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत बेताची ऊब देऊन तो त्याचा ठिसूळपणा घालवितो. यालाच आपण पाणी देणें म्हणतों. कोरड्या, वेगवान चाकावर पातळ धार क्षणार्धांत ३०० अंशांच्या आसपास तापते, निळा रंग चढतो आणि पोलाद मऊ पडतें. तें नव्यानें पाणी देणारा जाणता लोहार मिळाला तरच सुधारतें. आणि असे लोहार आतां गांवोगांव उरलेले नाहींत.

या धड्यानंतर आजोबांचा चाकू आम्हीं घरींच दुरुस्त करावयास घेतला. पातें उघडेना, तेव्हां पक्कड न लावतां सांध्यांत रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवला. सकाळीं तें किंचित् हललें. पुन्हां थेंब, पुन्हां धीर. तिसऱ्या दिवशीं तें पूर्ण उघडलें. सांध्यांतील माती बांबूच्या काडीनें काढली. गंज बारीक पॉलिश कागदावर तेल घेऊन हलक्या हातानें घासला. तांबडा गंज तेवढा काढावा. जुन्या पोलादावर जो करडा-काळा थर चढलेला असतो, तो राहूं द्यावा, कारण तो पुढील गंजास कांहीं अंशीं अटकाव करतो. तेजाबांत बुडविण्याच्या भानगडींत पडूं नये. शिंगाची अथवा लाकडाची मूठ पाण्यांत भिजवूं नये. सांध्यांत खोबरेल घालण्याची आपली रीत सोडावी. तें थंडींत गोठतें. जवसाचें तेल तर वाळून चिकटा धरतें. शिलाईच्या यंत्राचें तेल यास उत्तम.

धार लावण्यापूर्वीं पातें नीट न्याहाळावें. कलमाच्या चाकूस बहुधा एकाच बाजूनें उतार असून दुसरी बाजू सपाट असते. त्या सपाटीमुळें काप सरळ येतो. चाकावर बसलेला मनुष्य दोन्ही बाजू सारख्याच घासतो आणि चाकूचा गुणच नाहींसा होतो. आपण ओल्या दगडावर जुना उतार धरून सावकाश घासावें, सपाट बाजूची फक्त कोर काढावी आणि शेवटीं चामड्याच्या पट्ट्यावर पातें फिरवावें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. मृदुकाष्ठ कलमांत काडीला दीड-दोन इंचांची पाचर करून ती रोपाच्या चिरेंत बसवावयाची असते. साल व लाकूड यांमधील ओलसर थर एकमेकांस भिडला तरच जीव धरतो. बोथट पात्यानें हा थर ठेचला जातो, फट राहते आणि काडी काळी पडते. धार म्हणजे शोभा नव्हे, ती कलमाचा प्राण आहे. रोगट झाडावर चालविलेलें पातें स्पिरिटनें पुसल्यावांचून दुसऱ्या झाडास लावूं नये, हेंही ध्यानांत असावें.

दाढीचीं पातीं स्वस्त आहेत, तीं वापरून फेंकून द्यावीं, असा एक पक्ष आहे. कोंवळ्या काडीपुरता तो खरा आहे; जाड काडीवर तें पातें लवतें आणि काप वांकडा जातो. न गंजणारें पोलाद शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ सालीं सिद्ध केलें. त्याचे चाकू पावसाळी हवेंत सोयीचे, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जुनें साधें पोलाद घरच्या दगडावर सहज धरतें, आणि तें आपल्यापाशीं आहेच.

आमची संघास सूचना आहे कीं, दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं एक दिवस सभासदांनीं आपापले जुने चाकू घेऊन जमावें आणि ज्या वृद्धांच्या हातांत ही विद्या अद्यापि आहे त्यांनीं ती तरुणांस दाखवावी. यास खर्च नाहीं, फक्त उशीर करून चालणार नाहीं. आजोबांच्या चाकूनें बांधलेलीं झाडें आमच्या परड्यांत अजून फळतात. गेल्या पावसाळ्यांत त्याच झाडांच्या काड्या आम्हीं त्याच चाकूनें कापल्या. चुलत्यांच्या चाकूविषयीं मात्र असें लिहितां येत नाहीं, आणि तो दोष सर्वस्वीं आमचा आहे.