फार्महाऊस म्हणा, व्हिला म्हणा!

आमचा दादा बँकर आहे. मुंबईत हे वाक्य टाकलं की लोक त्याच्याकडे जरा आदराने बघतात. कर्जत स्टेशनात टाकलं तर हसतील. तिथे बँकर म्हणजे पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून लावतात ते इंजिन. बोरघाटाचा 37 ला 1 असा चढ आहे, मागून कुणीतरी ढकलावंच लागतं. परवाच्या रविवारी दादाला ढकलायला वहिनी होती. दोघांना कर्जतला 'सेकंड होम' घ्यायचंय, आणि "तू पत्रकार, तुला कळतं" म्हणून मलाही धरून नेलं. (मला कर्जतमधलं काय कळतं? दिवाडकरांचा वडा!)

साइट कर्जत-चौक रस्त्यापासून बरीच आत. भर उन्हात टाय लावलेला एक मुलगा ब्रोशर घेऊन उभा. पहिल्या पानावर 'फार्महाऊस', तिसऱ्यावर 'व्हिला' आणि रेटच्या कागदावर चक्क 'बंगलो प्लॉट'. वहिनीने विचारलं, "नक्की काय आहे हे?"

"मॅडम, फार्महाऊस म्हणा, व्हिला म्हणा, बंगलो म्हणा. सेम टू सेम!"

आता डिक्शनरी उघडली तर हा पोरगा अगदीच चुकीचा नव्हता. बंगलो हा आपलाच शब्द. बंगाली पद्धतीचं बैठं घर ते 'बंगला', साहेबाने तो उचलला आणि आपण तो पोर्चसकट परत घेतला. व्हिला लॅटिन. रोमन जमीनदाराचं शेतावरचं घर म्हणजे व्हिला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी व्हिला आणि फार्महाऊस खरंच सेम टू सेम होतं. प्रॉब्लेम एवढाच, की आपल्या महसूल खात्याला लॅटिन येत नाही!

1966 च्या जमीन महसूल संहितेत 'फार्म बिल्डिंग'ची व्याख्या आहे. शेतीच्या जमिनीवरचं बांधकाम, कशासाठी? अवजारं, खत, वैरण ठेवायला. धान्य साठवायला. गुरं बांधायला. मग जमीनधारकाच्या घरच्यांना, नोकरांना, कुळांना राहायला. किंवा शेतीच्याच आणखी कुठल्या कामाला. गुरांचा नंबर माणसांच्या आधी लागतो, आणि ब्रोशरमधला इन्फिनिटी पूल यात कुठे बसवायचा ते मला तरी सुचलं नाही.

बंगलो प्लॉट म्हणजे एनए, बिनशेती जमीन. ती कुणीही घ्यावी. फार्महाऊस उभं राहतं शेतजमिनीवर, आणि 1948 च्या कूळवहिवाट कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी तुम्ही शेतकरी असायला हवं, नाहीतर कलेक्टरची परवानगी हवी. दादाने गेल्या दहा वर्षांत शेत पाहिलंय ते स्क्रीनसेव्हरवर. पण शेजारच्या एनए प्लॉटच्या निम्म्या भावात मिळतंय म्हटल्यावर माणूस विरघळतोच ना!

खरी मजा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर झाली. काकांनी ग्लास पुढे करत सहज विचारलं, "काय देतायत, साठेखत की खरेदीखत?"

"अॅग्रीमेंट देतायत. रजिस्टर्ड," दादा रुबाबात म्हणाला.

"म्हणजे साठेखत."

दादाचा चहा तिथेच थांबला. इंग्रजीत एक 'अॅग्रीमेंट फॉर सेल', दुसरं 'सेल डीड'. दोन्हीत सेल आहे, दोन्हीवर फोटो, अंगठे, शिक्के. पण पहिल्यात 'विकीन' आहे आणि दुसऱ्यात 'विकलं'. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम 54 मध्ये स्वच्छ सांगतो, की विक्रीच्या नुसत्या कराराने त्या मालमत्तेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. करार रजिस्टर केला म्हणून तो खरेदीखत होत नाही. गंमत म्हणजे हे दादाला माहीत नव्हतं असं नाही, त्याच्या टेबलावरून असल्या फाइली रोज जातात. पण आपण सगळे फ्लॅटवाले! फ्लॅट घेताना आपल्या हातात पडतं ते अॅग्रीमेंटच. इमारतीखालच्या जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावावर वेगळं व्हावं लागतं, ते सेक्रेटरीचं टेन्शन. त्यामुळे अॅग्रीमेंट झालं की पेढे वाटायची आपल्याला सवय. मराठी शब्द कानावर पडला तेव्हा कुठे दादाची ट्यूब पेटली.

परत साइटवर. दादाने विचारलं, "खरेदीखत कधी करणार?"

"सर, तुमचा शेतकरी दाखला आला की लगेच!"

"आणि नाही आला तर?"

"येतो, सर. सगळ्यांचा येतो." मुलगा इतकं गोड हसला, की मला भीतीच वाटली. "आज टोकन दिलंत तर क्लब मेंबरशिप फ्री."

टोकनचे दोन लाख कुठून आणले होते ते मला माहीत आहे. वहिनीची दोन वर्षांची एफडी मोडली होती. चेकबुक तिच्या पर्समध्ये होतं, आणि तिने पर्सची चेन ओढून घेतली ती थेट घरी जाऊन उघडली.

परतीची लोकल फास्ट होती, म्हणजे कल्याणपर्यंत प्रत्येक स्टेशनवर थांबणारी. नेरळ गेलं, शेलू गेलं, वांगणी गेलं, दादा गप्पच. बदलापूरला त्याने बाबांना फोन लावला.

"बाबा, आपल्या गावच्या जमिनीतला एखादा तुकडा राहिलाय का हो आपल्या नावावर?"

स्पीकर चालू होता, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"अरे, तुझ्या एमबीएच्या फीला सगळीच काढली की. तेव्हाच खरेदीखत करून दिलं."