हौशी बेसवादकाला मंच मिळेना!

मुंबई आणि तिचा परिसर जागतिक संगीतदौऱ्यांच्या नकाशावर आता ठळकपणे उमटला आहे. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापालूझा’ महोत्सवाची पहिली भारतीय आवृत्ती पार पडली. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन मैफली केल्या. त्यांच्या तिकिटांसाठी लाखो रसिक संगणकासमोर ताटकळले. या गर्दीकडे बोट दाखवून थेट संगीताला सुगीचे दिवस आल्याचे सांगितले जाते. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. एखाद्या शहरात किती जण संगीत ऐकायला जातात, यावरून तेथील बाजारपेठेचा अंदाज येतो. त्याच शहरात किती जण एकत्र येऊन वाजवू शकतात, यावरून त्याची सांगीतिक प्रकृती कळते. ही प्रकृती तपासायची, तर नाडी धरावी ती हौशी बेसवादकाची.

दिवसभर बँकेत, कार्यालयात किंवा माहिती तंत्रज्ञान कंपनीत काम करणारा आणि आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी जवळपास चार फुटी वाद्य खांद्याला अडकवून लोकलच्या गर्दीत शिरणारा हा वादक मुंबई, ठाणे, पुणे या शहरांना आता अपरिचित राहिलेला नाही. त्याच्यापाशी वाद्य आहे, साधने आहेत, शिकण्याची सोयही आहे. नाही तो मंच.

खर्जाची जबाबदारी

बेस गिटार हे स्वभावतःच सोबतीचे वाद्य आहे. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचे जे स्थान, तेच बँडमध्ये या वाद्याचे. त्याच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत खालच्या सुराहून आणखी एक सप्तक खाली. ड्रमचा ठेका आणि गाण्याची सुरावट यांना जोडणारा हा सांधा आहे. तो निखळला, तर नेमके काय बिघडले हे सामान्य श्रोत्याला सांगता येत नाही; पण गाणे पोकळ झाल्याचे त्याला जाणवते.

अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हापासून हे वाद्य जगभर रुजले. तोपर्यंत खर्जाची बाजू सांभाळणारा डबल बेस माणसाच्या उंचीचा होता. त्याची ने-आण करणे हेच एक काम असे. फेंडर यांचे वाद्य गळ्यात अडकवता येत होते आणि त्याच्या पट्टीवर पडदे असल्याने सूर अचूक लागत होता. नावातील ‘प्रिसिजन’ त्याचीच खूण. हिंदी चित्रपटसंगीतानेही हे वाद्य लवकरच आपलेसे केले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ किंवा ए. आर. रहमान यांचे साथीदार कीथ पीटर्स यांचा बेस कोट्यवधींच्या कानांवरून गेला आहे. गाणी तोंडपाठ असणाऱ्या रसिकांपैकी किती जणांना ही नावे ठाऊक असतील, हा प्रश्न वेगळा. बेसवादकाच्या वाट्याला येणारी ही अनामिकता जणू त्याच्या कामाचाच भाग आहे. मुंबईची मोहिनी डे आज आंतरराष्ट्रीय मंचावर नावाजली जाते. मात्र तिला बेसवादक वडिलांकडून घरातच तालीम मिळाली. ज्यांच्या घरात ही परंपरा नाही, त्यांची शाळा म्हणजे मंचच.

साधने आली, संधी गेली

साधनांच्या बाबतीत मात्र आजचा हौशी वादक पूर्वीच्या व्यावसायिकांनाही हेवा वाटावा इतका सुदैवी आहे. मानवी कान खालच्या सुरांना कमी संवेदनशील असतो; त्यामुळे बेस इतर वाद्यांच्या बरोबरीने ऐकू यायचा, तर त्याला कितीतरी अधिक विद्युतशक्ती लागते. १९६९ मध्ये ‘अँपेग’ या अमेरिकी कंपनीने ३०० वॉटचा प्रसिद्ध ‘एसव्हीटी’ अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हा निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या त्या यंत्राचे वजन चाळीस किलोंच्या घरात होते. स्पीकरची अवजड पेटी निराळीच. आज तेवढीच, किंबहुना अधिक शक्ती देणारे यंत्र दोन-तीन किलोंचे असते आणि पाठीवरच्या पिशवीत मावते. धोबीतलावच्या फुर्ताडोजसारख्या, १८६५ पासून चालत आलेल्या दुकानापासून इंटरनेटवरील विक्रेत्यांपर्यंत सर्वत्र नवशिक्याला परवडणारी चांगली वाद्ये मिळतात. सदनिकेत शेजाऱ्यांची झोप न मोडता, हेडफोन लावून मध्यरात्रीही रियाज करता येतो.

या सुबत्तेतच एक विसंगती दडलेली आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचा मूळ सूर जवळजवळ उमटतच नाही. त्यामुळे इंटरनेटवरील चित्रफितींत भाव खाऊन जाते ती बोटांची चपळाई आणि वरच्या पट्टीतील करामत. प्रत्यक्ष मैफलीत बेसवादकाकडून याच्या नेमके उलट अपेक्षित असते: कमी वाजवणे, नेमके वाजवणे, ड्रमवादकाच्या पायाशी आपले बोट जुळवणे आणि गायकासाठी जागा सोडणे. दालनाच्या कोपऱ्यांत कोणता सूर घुमतो आणि कोणता विरतो, हे हेडफोनमध्ये कळत नाही. खर्जाच्या त्या शेवटच्या सुराची तरंगलांबी आठ मीटरहून अधिक असते. छोट्या खोलीत तो कधी अंगावर येतो, तर कधी गायबच होतो. हे ज्ञान चार माणसांसमोर वाजवूनच येते. ती संधी नसली की हौस खरेदीकडे वळते. वाजवायला जागा नाही, म्हणून नवा पेडल, नवा पिकअप, नवे वाद्य घेतले जाते. हौसेला मोल नसते, ही म्हण साधनविक्रेत्यांच्या पथ्यावर पडते. संगीताच्या पदरात मात्र फारसे पडत नाही.

मंच कोठे गेले?

मुंबईला छोट्या मंचांची परंपरा नव्हती, असे नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत जॅझ वाद्यवृंद नियमित वाजत; त्यांत गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा भरणा असे. १९७८ मध्ये पहिली ‘जॅझ यात्रा’ धोबीतलावच्या रंगभवनात झाली. पुढे त्याच खुल्या रंगमंचावर रॉक बँडच्या पिढ्या घडल्या. परंतु रुग्णालये आणि महाविद्यालय यांच्या सान्निध्यामुळे हा परिसर शांतता क्षेत्रात आला आणि २००० च्या दशकाच्या आरंभी तेथील मैफली थांबल्या. जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’चा मंचही इतिहासजमा झाला. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लू फ्रॉग’ने उत्तम ध्वनियंत्रणेचा वस्तुपाठ घालून दिला, तोही ऑगस्ट २०१६ मध्ये बंद झाला.

डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला. त्यानंतर अग्निसुरक्षेची तपासणी कडक होणे अपरिहार्य होते आणि त्याबाबत तडजोड असूच शकत नाही. परंतु भाडे, अग्निसुरक्षा, पोलीस परवानगी, मद्यपरवाना आणि स्वामित्व हक्काचे शुल्क यांचा एकत्रित भार शंभर आसनांच्या जागेला पेलणे कठीण जाते. साहजिकच अशा जागा तिकिटावर नव्हे, तर मद्यविक्रीवर तगतात. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१, तर कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. परिणामी, मंच मिळालाच तरी महाविद्यालयीन बँडचे समवयस्क श्रोते दाराबाहेर राहण्याची वेळ येते. आयआयटी मुंबईचा १९७१ पासूनचा ‘मूड इंडिगो’ आणि इतर महाविद्यालयांचे महोत्सव विद्यार्थ्यांना मंच देतात. पण पदवी हाती पडताच तो दरवाजा बंद होतो. एका टोकाला महाविद्यालय, दुसऱ्या टोकाला स्टेडियम आणि मधला जिनाच गायब, अशी ही स्थिती आहे.

कायद्याचा कान

या प्रश्नाला शेजाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती दुर्लक्षिता येणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकांना मनाई आहे. अपवाद सभागृहांसारख्या बंदिस्त जागांचा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निकालात शांततेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. दिवसभराच्या गोंगाटाने पिचलेल्या शहरवासीयाला रात्रीची झोप मिळालीच पाहिजे.

अडचण आहे ती मोजमापाची. या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे मापन ‘ए’ श्रेणीच्या डेसिबलमध्ये होते. मानवी कान ज्या ध्वनींना कमी संवेदनशील, ते ध्वनी ही श्रेणी कमी धरते. सेकंदाला ५० कंपनांचा सूर या मोजणीत सुमारे ३० डेसिबलनी कमी नोंदवला जातो. खालचे सूर भिंतींतून सर्वाधिक सहज पार होतात आणि मीटरवर सर्वांत कमी दिसतात. शेजाऱ्याच्या खिडकीची तावदाने थरथरत असतानाही आकडा निमूट राहू शकतो. शेजाऱ्याची तक्रार खरी असते आणि जागाचालकाचा आकडाही खरा असतो. मग तक्रार आलेल्या पोलिसाच्या हाती एकच उपाय उरतो: सगळेच बंद करा.

‘बंदिस्त’ जागा म्हणजे ‘ध्वनिरोधक’ जागा नव्हे, हा फरकही व्यवहारात पुसला जातो. काचेची भिंत आणि पत्र्याचे छत असलेली जागा बंदिस्त असली, तरी खर्ज अडवत नाही. दुसरीकडे, राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सण-उत्सवांतील मिरवणुकांमध्ये स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्या खर्जापुढे हौशी बँडचा आवाज म्हणजे पखवाजापुढे चुटकी. मोठ्या गोंगाटाला तात्पुरती मोकळीक आणि छोट्या मैफलीला कायमचा धाक, असा हा विरोधाभास आहे.

इतरांनी काय केले?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ पासून लागू झालेल्या ‘लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट’ने मद्यपरवाना असलेल्या छोट्या जागांना सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत थेट संगीतासाठी स्वतंत्र परवान्यातून मुक्त केले. आरंभी ही सवलत २०० श्रोत्यांपर्यंत होती. २०१५ मध्ये ती ५०० पर्यंत वाढवण्यात आली. उपद्रव झाल्यास सवलत काढून घेण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाकडे राहिला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नगररचनेत आणखी एक तत्त्व स्वीकारले. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी इमारत उभी राहिली, तर ध्वनिरोधनाची जबाबदारी नव्या बांधकामावर. नवे संगीतस्थळ आले, तर ती त्या स्थळावर. जो बदल घडवतो, त्याने त्याचा भार उचलावा, इतके हे सरळ सूत्र आहे. सतत पुनर्विकास होणाऱ्या मुंबई-पुण्यात ते विचारार्ह ठरावे.

खरे तर महाराष्ट्राने धडा घ्यायला परदेशात जाण्याचीही गरज नाही. हौस जपण्याची यंत्रणा या राज्याने रंगभूमीसाठी उभारली आहे. राज्य नाट्य स्पर्धा सहा दशकांहून अधिक काळ हौशी रंगकर्मींना मंच देत आली. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन एकांकिकेला प्रतिष्ठा दिली. त्यांतून नामवंत घडले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोकरी सांभाळून नाटक करणारा आणि नाटक जाणून पाहणारा मोठा वर्ग घडला. वाद्ये घेऊन एकत्र येणाऱ्यांसाठी असे काही नाही. पालिकांच्या नाट्यगृहांतील तालमीच्या खोल्या माफक भाड्याने देणे, शे-दोनशे श्रोत्यांपर्यंतच्या मैफलींसाठी एकखिडकी परवानगी ठेवणे, ध्वनिरोधन केलेल्या जागेला शुल्कात सूट देणे आणि तक्रारीच्या वेळी खालच्या सुरांचे स्वतंत्र मापन करणे, या चार गोष्टींना फार मोठा निधी लागणार नाही.

स्टेडियममधील मैफलींना प्रायोजक मिळत राहतील. त्यांची चिंता शासनाने करण्याचे कारण नाही. चिंता करायची ती मधल्या जिन्याची. हौशी बेसवादकाला प्रसिद्धी नको असते. तशी अपेक्षा असती, तर त्याने हे वाद्यच निवडले नसते. त्याला हवे असतात तीन साथीदार, पन्नास श्रोते आणि दोन तासांची एक संध्याकाळ. एवढे देणेही शहराला अवघड वाटत असेल, तर त्या शहराची संगीतसंस्कृती केवळ तिकीटविक्रीच्या आकड्यांत उरेल.