एप्रिलचा कातळ, सप्टेंबरची फुलं

या अंकातली छायाचित्रं साताऱ्याजवळच्या कास पठारावरची आहेत. पहिलं चित्र मुद्दामच एप्रिलमधलं घेतलं आहे: तापलेला जांभा, फूल एकही नाही. तो रखरखाट पाहिल्याशिवाय सप्टेंबरमधल्या तेरड्याच्या गुलाबी गालिच्याचं मोल कळत नाही, असं मला वाटतं.

पण गालिच्यापेक्षा मला जवळून टिपलेली चित्रं अधिक आवडली. दवबिंदू या वनस्पतीच्या पानावर चिकट थेंबांत अडकलेली माशी पाहा. शेजारची निळी-जांभळी सीतेची आसवं किती कोवळी दिसतात! तीही शिकारीच, ओल्या मातीतल्या त्यांच्या इवल्या पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. कातळावरच्या पातळ मातीत नत्र फार थोडं, ते या वनस्पती कीटकांकडून मिळवतात. माशी आणि फूल एकाच चौकटीत हवीत, ते यासाठी.

पश्चिम घाटाबरोबर कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं आणि गर्दी वाढली. चांगल्या फोटोसाठी फुलांत आडवं पडणारे मी पाहिले आहेत. त्या अंगाखाली पुढच्या वर्षीचं बी चिरडतं. यंदा कासला जाल तेव्हा कॅमेरा जरूर न्या, पण पायवाट सोडू नका.