हा व्यापाऱ्यांचा प्रश्न नव्हे

कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी ई-बिलाचा विषय काढला, तेव्हा एक मैत्रीण हसून म्हणाली, "अगं, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न. आपल्या चळवळीचं त्यात काय?" तिला पुरते उत्तर तिथे देता आले नाही, ते इथे देते.

सोलापुरात मी काम करते त्या वस्तीतला अकरा जणींचा गट शाळेचे गणवेश शिवून एका मोठ्या कारखानदाराला देतो. माल वेळेवर जातो. पैसे येत नाहीत. विचारायला गेलो की उत्तर एकच, "तुमचं बिल आलंच नाही." बिलबुकातली कार्बनची प्रत दाखवली, तर "ही तारीख तुम्ही नंतर टाकलीत." असे चार महिने गेले. दोऱ्याची, बटणांची उधारी बायकांच्या डोक्यावर. एकीने डोरलं गहाण टाकलं. या अकरा जणी त्या कारखानदाराला बिनव्याजी भांडवल पुरवत होत्या, आणि त्याला कुणी कर्ज म्हणत नव्हते.

कायदा नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लहान उद्योगाचा माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पण दिवस मोजायचे तर तारीख सिद्ध करावी लागते, आणि तिथेच आपण हरतो.

ई-बिल इथे उपयोगी पडते. विक्रेता सरकारी पोर्टलवर बिल नोंदवतो, त्याला स्वतंत्र क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. २४ तासांनंतर ते तिथे रद्द करता येत नाही. खरेदीदाराच्या जीएसटी हिशेबातही ते आपोआप दिसते. "बिल आलंच नाही" म्हणायची सोय उरत नाही. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरील उलाढालीपासून ही सक्ती सुरू झाली; १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींवर आली. मात्र जिची जीएसटी नोंदणीच नाही, तिला हे दार बंद आहे. ज्याच्याकडे वकील आणि हिशेबनीस आहेत, त्याला पक्का पुरावा. जिच्याकडे फक्त शिलाई मशीन आहे, तिला कार्बनची प्रत! याला सवलत म्हणायचे की वगळणे?

"बायकांना ते जमणार नाही" हे तर ऐकवूच नका. बचत गटाचा पैशापैशाचा हिशेब त्याच ठेवतात. खरा धोका वेगळा आहे. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? नवऱ्याच्या. नोंदणी कुणाच्या नावावर? दिराच्या. शिवते ती, आणि कागदावर उद्योजक तो. यंत्रणा बदलली आणि नाव तेच राहिले, तर तिच्या श्रमाची चोरी तेवढी बिनचूक नोंदली जाईल.

म्हणून आपली मागणी अशी हवी: जीएसटीची अट न घालता लहान उत्पादक बायकांसाठी बिल नोंदवण्याची मोफत, मराठीतून, साध्या मोबाइलवर चालणारी सोय हवी, आणि माल मिळाल्याची खरेदीदाराची कबुली त्यातच नोंदली जावी.

ते होईपर्यंत आपण काय करायचे? मोफत असलेली उद्यम नोंदणी पहिला माल देण्याआधीच, बाईच्या किंवा गटाच्या नावाने आणि तिच्याच मोबाइल नंबरवर करून घ्यावी. तो क्रमांक प्रत्येक बिलावर घालावा. माल पोचल्याची तारखेसह सही घेतल्याशिवाय गठ्ठा खाली ठेवू नये. बिलाचा फोटो त्याच दिवशी खरेदीदाराला पाठवून जपून ठेवावा.

समान वेतनासाठी आपण मोर्चे काढले. कमावलेले वेतन हातात पडण्याची तारीख हाही त्याच लढ्याचा भाग आहे. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपल्या गटाचे बिलबुक घेऊन या. सुरुवात तिथूनच करू.