मांजर पाळा, पण तिचे जंतही काढा

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिन. त्या दिवशी शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मुले ती आम्हा शिक्षकांसमोर चघळतात आणि घरी अम्मी निश्चिंत होतात. पण ही गोळी मुलांच्या आतड्यात राहणाऱ्या जंतांसाठी आहे. मांजर आणि कुत्र्याच्या पोटातल्या टॉक्सोकारा या गोल जंताची तऱ्हा वेगळी.

या जंताची अंडी जनावराच्या विष्ठेतून मातीत पडतात. ती ताजी असताना बाधत नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी आत अळी तयार झाली, की धोका सुरू होतो, आणि मग ती महिनोन्‌महिने मातीत टिकतात. मातीचे हात तोंडात गेले, की अळ्या पोटातून यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात पोहोचतात. माणसाच्या शरीरात त्यांचा मोठा जंत होत नाही, म्हणून शौचाच्या तपासणीत काहीच सापडत नाही. रक्त तपासावे लागते.

बऱ्याच मुलांना काहीच त्रास होत नाही. काहींना ताप, खोकला, दम लागणे, पोटदुखी होते. डोळ्याचे दुखणे मात्र फसवे. बहुधा एकाच डोळ्याची नजर जाते आणि दुसरा डोळा काम भागवतो, त्यामुळे मूल तक्रारच करत नाही. एकेक डोळा झाकून मुलाला भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लावा. फरक वाटला, डोळा तिरळा दिसला किंवा बुबुळात पांढरी झाक आली, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

मग मांजर पोत्यात घालून सोडून यायची का? मुळीच नाही. हजरत अबू हुरैरा (र.अ.) यांचे नावच मांजरीच्या पिल्लावरून पडले. मांजरीचे उष्टे नापाक मानले जात नाही. पण तिची विष्ठा नजासतच. ती रोजच्या रोज उचलली, तर अंड्यांना पिकायला वेळच मिळत नाही.

पिल्लू तीन आठवड्यांचे झाले, की जनावरांच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे जंताचे औषध सुरू करा. आईच्या दुधातूनच त्याला जंत मिळतात. मोठ्या मांजरीला साधारण दर तीन महिन्यांनी औषध द्यावे. औंधला सरकारी पशुचिकित्सालय आहे. रेबीजची लस टोचली म्हणजे जंत गेले, असे समजू नका. मुलांची गोळी मोडून मांजरीला देऊ नका.

कोंढव्यासारख्या भागात जिथे तिथे बांधकाम चालू असते. रस्त्याकडेचा वाळूचा ढीग म्हणजे रात्री मांजरांचे शौचालय आणि संध्याकाळी मुलांचे खेळणे! तो ताडपत्रीने झाकायला सांगा. खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने, नखांसकट धुवा. सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत. कोथिंबीर, पालक नीट धुऊन घ्या. माती खाणाऱ्या लहानग्यावर विशेष लक्ष ठेवा.

ज्या कॅलेंडरवर रमजान आणि परीक्षांच्या तारखांची खूण करता, त्यावरच मांजरीच्या औषधाची तारीखही लिहा. ते काम मुलांकडे सोपवा. मांजर त्यांची आहे, तर जबाबदारीही त्यांना कळू द्या.